लायन्स मेन मशरूम: दोन कंपन्यांच्या डब्या, पोटासाठी वापरून आणि तपासून

दोन्ही डब्यांवर चित्र एकच आहे. खाली लोंबणाऱ्या काट्यांचं पांढरंशुभ्र भूछत्र. पहिली डबी ६० कॅप्सूलची, १,४९९ रुपयांना. दुसरी ६० ग्रॅम पावडरची, २,१५० रुपयांना. पहिलीला मी पाचपैकी एक तारा देते, दुसरीला साडेतीन. कंपन्यांची नावं लिहीत नाही. या बाजारात रोज नवी कंपनी येते, आणि एकाच कंपनीचा माल पुढच्या बॅचला तसाच असेल याची खात्री कोण देणार? त्यापेक्षा डबीची मागची बाजू वाचता येणं जास्त कामाचं आहे.

मी अमळनेरला माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. चिकुनगुनिया झाला, ताप उतरला, पण सांधे धरलेले ते सुटेनात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच वेदनाशामक गोळ्या बरेच महिने चालल्या. मग पोट सुरू झालं. रिकाम्या पोटी कळ, जेवल्यावर मळमळ, आणि एक दिवस शौचाला डांबरासारखं काळं झालं. घरचे "उष्णता झाली, ताक पी" म्हणत होते. माझे मिस्टर मात्र मला सरळ जळगावला घेऊन गेले. एंडोस्कोपीत जठराच्या खालच्या टोकाला व्रण, म्हणजे अल्सर, निघाला. तिथलाच छोटासा तुकडा घेऊन एच. पायलोरी या जंतूची चाचणी केली, तीही पॉझिटिव्ह आली. म्हणजे दोन्ही बाजूंनी मार बसत होता. वेदनाशामक गोळ्या शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं कमी करतात, आणि जठराला आतून जो बुळबुळीत थर असतो तो टिकवून धरायचं काम त्याच रसायनांचं. थर पातळ झाला की आम्ल थेट अस्तराला लागतं. वर हा जंतू. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी व्रणाचं मूळ या जंतूत दाखवलं, तेव्हा लोकांना पटेना. मार्शलनी १९८४ मध्ये तो जंतू स्वतः पिऊन दाखवला. २००५ चं नोबेल दोघांना मिळालं. नववीच्या वर्गाला ही गोष्ट मी किती वर्षं सांगत आले, आणि तोच जंतू माझ्या पोटात निघाला.

अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांचा १४ दिवसांचा कोर्स झाला, नंतरच्या तपासणीत जंतू गेल्याचं कळलं. व्रण भरला. राहिलं ते पोट डब्ब होणं आणि तिखट खाल्लं की छातीच्या खाली जळजळ. खान्देशात तिखट टाळून राहायचं म्हणजे काय, हे इकडच्या माणसालाच कळेल. शेवभाजीचा रस्सा, काळ्या मसाल्याची पाटोडी, भरीतातल्या हिरव्या मिरच्या. लग्नाच्या पंगतीत वरणभात खाऊन उठायचं म्हणजे वाढणाऱ्यांचे दहा प्रश्न.

पुण्याच्या भाच्याने लिंक पाठवली ती अशा वेळी. "मावशी, आतड्याचं अस्तर भरून काढणारं मशरूम आहे, लायन्स मेन. ऑफिसात सगळे घेतात." जाहिरातीत लिहिलं होतं की पंधरवड्यात अस्तर पूर्ववत होतं, आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या कायमच्या सुटतात. डबी हातात आली तर मागे बारीक अक्षरात अगदी उलट मजकूर: हे औषध म्हणून वापरण्यासाठी नाही. आपल्याकडे पूरक आहाराच्या डबीवर हे वाक्य छापावंच लागतं. आणि पोटातला व्रण बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या चमत्कारी उपायांविरुद्धच्या कायद्याने बंदी आहे. डबीवर एक आणि मोबाइलवर दुसरंच बोलणारी कंपनी मला तिथेच खटकली.

डबीवर आणखी लिहिलं होतं: "मायसेलियल बायोमास, पॉलिसॅकराइड ४० टक्के." या दोन शब्दांपाशी जरा थांबा, सगळं पाणी तिथेच मुरतं.

अळंबी वाढवताना आधी धान्याच्या दाण्यांवर तिचं पांढरं जाळं वाढवतात, तेच मायसेलियम. आपल्याकडे धिंगरी अळंबी लावणारे शेतकरी जे बियाणं आणतात, तेही ज्वारी किंवा गव्हाच्या दाण्यांवर असंच वाढवलेलं असतं. या जाळ्यातून पुढे जे छत्र उगवतं, ती आपण खातो ती अळंबी. आता छत्र यायची वाट न बघता जाळं आणि दाणे एकत्र वाळवून दळले, तर पावडर स्वस्तात आणि भरपूर होते. तिच्यात धान्याचं पीठ येणारच, कारण जाळ्याला सगळा दाणा खाऊन संपवता येत नाही. आणि पीठ म्हणजे स्टार्च, स्टार्च म्हणजेही पॉलिसॅकराइड, साखरेच्या कणांची लांब साखळी. त्यामुळे "पॉलिसॅकराइड ४० टक्के" या आकड्यातून अळंबीचा गुण किती, ते कळतच नाही. पोटाच्या दृष्टीने ज्याच्यासाठी पैसे मोजायचे, ते बीटा-ग्लुकान, म्हणजे अळंबीचं स्वतःचं पॉलिसॅकराइड. त्याचा वेगळा आकडा डबीवर असला पाहिजे. पहिलीवर नव्हता.

मग डबी शाळेत नेली. प्रयोगशाळेत आयोडीनचं द्रावण होतंच, सातवीला बटाट्यावर टाकून दाखवतो तेच. चार परीक्षानळ्या घेतल्या. एकीत घरचं दादर ज्वारीचं पीठ, दुसरीत पहिल्या डबीतल्या दोन कॅप्सूल फोडून, तिसरीत नुसतं पाणी, चौथीत बाजारातली धिंगरी वाळवून केलेली पूड. चारही नळ्या उकळून गार केल्या, कारण गरम असताना रंग नीट येत नाही. मग प्रत्येकीत आयोडीनचे दोन-दोन थेंब. दादरची नळी निळीकाळी झाली, होणारच होती. कॅप्सूलची नळी तिच्याच शेजारी उभी, आणि रंगही तोच. थेंब पडला तिथून शाईसारखी रेघ खाली उतरत गेली आणि हलवल्यावर सगळी नळी काळीभोर. धिंगरीची नळी फिकट तपकिरी राहिली. परिचर आप्पा नळ्या धुवायला उभे होते. ते वाकून बघत म्हणाले, "मॅडम, हाई ते निस्तं पीठ शे."

निस्तं पीठ म्हणता येणार नाही, थोडं जाळंही असणारच. या चाचणीने स्टार्च आहे एवढंच कळतं, बीटा-ग्लुकान किती ते कळत नाही. पण १,४९९ रुपयांत पिठाचा एवढा वाटा मला मान्य नाही. तक्रार केली तर उत्तर आलं, "मायसेलियममध्येच जास्त सत्त्व असतं." यात खरं एवढंच की एरिनासिन नावाची द्रव्यं मायसेलियममध्ये असतात आणि हेरिसेनोन छत्रात. पण या दोन्हींचा अभ्यास मुख्यतः मज्जातंतूंच्या संदर्भात झालाय. पोटाच्या नावाने विकलेल्या डबीला ते उत्तर लागू होत नाही. पैसे परत मिळाले नाहीत.

आता या अळंबीत पोटासाठी काही आहे का? आहे, आणि ते मला मनापासून आवडलं म्हणूनच दुसरी डबी घेतली.

आपल्या आतड्याचं अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर. जुन्या घरातली जमीन जशी दर काही दिवसांनी सारवावी लागते, तसा हा थर तीन ते पाच दिवसांत नव्याने तयार होतो. पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, वर बुळबुळीत श्लेष्माचा लेप असतो. लेप विरला, सांधे सैल झाले, की नको ते आत झिरपतं आणि सूज येते. अळंबीतलं बीटा-ग्लुकान आपल्याला पचवता येत नाही, ते तोडणारं विकर आपल्याकडे नाही. ते तसंच मोठ्या आतड्यापर्यंत जातं. तिथले जंतू ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात. मोठ्या आतड्याच्या पेशींचं मुख्य इंधन ब्युटिरेटच. शिवाय आतड्यातल्या संरक्षक पेशींवर बीटा-ग्लुकान ओळखणारे खास ग्राही (रिसेप्टर) असतात, त्यांना डेक्टिन-१ म्हणतात. म्हणजे अळंबी अस्तरावर जाऊन मलमासारखी बसत नाही. ती अस्तराची डागडुजी करणाऱ्यांना खाऊ घालते.

चीनमध्ये लायन्स मेनच्या गोळ्या जठराची जुनी सूज आणि व्रणासाठी बऱ्याच वर्षांपासून वापरतात. मलेशियातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये उंदरांना आधी या अळंबीचा अर्क दिला आणि मग अल्कोहोलने जठराला इजा केली. अर्क दिलेल्या उंदरांत इजा कमी झाली. प्रयोगशाळेतल्या बशीत एच. पायलोरीची वाढ रोखल्याचेही प्रयोग आहेत. माणसांवरचं काम दुसऱ्या एका अळंबीवर, टर्की टेलवर, जास्त दिसतं. जपानने तिच्यापासून काढलेलं पीएसके हे द्रव्य १९७७ मध्ये कर्करोगाच्या उपचारात जोड म्हणून मान्य केलं. २०१४ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी २४ निरोगी लोकांवर तिच्या पीएसपी या द्रव्याची अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकशी तुलना केली, आणि अळंबी घेणाऱ्यांच्या आतड्यातल्या जंतूंमध्ये चांगल्या दिशेचा बदल दिसला. चोवीसच माणसं, आणि तीही निरोगी. व्रण झालेल्याने त्यावरून किती उडी मारायची, हे ज्याने त्याने ठरवावं. मी एवढंच मानते की उंदराचं जठर आणि माझं जठर यांच्यामध्ये बरंच अंतर आहे, आणि जंतू माझ्या पोटातून घालवला तो अँटिबायोटिकनी.

मात्रेचा घोळ तर वेगळाच. पहिल्या कंपनीच्या पानावर २००९ चा जपानी अभ्यास मोठ्या अक्षरात होता. तो स्मरणशक्तीवरचा आहे. ५० ते ८० वर्षांच्या, थोडं विसरायला लागलेल्या लोकांना छत्राची पूड रोज ३ ग्रॅम, १६ आठवडे दिली होती. कंपनी त्याच अभ्यासाच्या जोरावर पोटासाठी रोज २ कॅप्सूल घ्या म्हणते, म्हणजे १ ग्रॅम, आणि तेही पीठ मिसळलेलं. अवयव वेगळा, मात्रा वेगळी, मालही वेगळा.

दुसरी डबी घेताना त्यामुळे चार गोष्टी विचारूनच घेतली. छत्र आहे की धान्यावरचं जाळं? गरम पाण्यात काढलेला अर्क आहे की नुसती पूड? बीटा-ग्लुकान किती? बॅचचा तपासणी अहवाल पाठवाल का? अळंबीच्या पेशींना कायटिनची भिंत असते, झिंग्याच्या कवचात असतं तेच. ती आपल्याला नीट पचत नाही. गरम पाण्यात बराच वेळ उकळल्यावर त्या भिंतीतलं बीटा-ग्लुकान मोकळं होतं, म्हणून अर्क महाग आणि म्हणूनच कामाचा. या कंपनीने दुसऱ्याच दिवशी अहवाल पाठवला. बीटा-ग्लुकान २८ टक्के, स्टार्च वेगळा दाखवलेला आणि नगण्य, शिसं आणि कॅडमियमचे आकडेही होते. अळंबी ज्या मातीत, ज्या भुशावर वाढते, तिथले जड धातू शोषून घेते, म्हणून ते आकडे बघायलाच हवेत. एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक डबीवर होता. आयोडीनची चाचणी हिच्यावरही केली. रंग फिकट तपकिरीच राहिला. आप्पा या वेळी काही बोलले नाहीत, नळी उजेडात धरून मान डोलावली.

पावडर बदामी रंगाची, हाताला अगदी मऊ. कपभर गरम पाण्यात चमचा फिरवला की जवळजवळ पूर्ण विरघळते, तळाला गाळ उरत नाही. पहिल्या डबीची पूड मात्र खाली चिखलासारखी बसायची. वास वाळलेल्या अळंबीचा, चव किंचित खारट आणि शेवटी कडवट. चहात घालू नका, चहाही जातो आणि पावडरही. मी वरणाच्या पाण्यात घ्यायला लागले, जिरं आणि चिमूटभर मीठ घालून. तसं छान लागतं. सासूबाई माळकरी, घरात अळंबी शिजत नाही. पण डबीवरचा हिरवा ठिपका बघून त्या म्हणाल्या, "औषध म्हणून घेती ना, मग घे." माझा कप मात्र त्यांनी वेगळा काढून ठेवला, आणि मलाही ते पटलं.

फरक? सुरुवातीला गॅस वाढले. आतड्यात नवा तंतू आला की जंतूंची गडबड होतेच, म्हणून मात्रा अर्धी केली आणि हळूहळू वाढवली. पुढे पोट डब्ब होणं खरोखर कमी झालं, सकाळी पोट साफ व्हायला लागलं. जळजळीत मात्र मला काही फरक जाणवला नाही. त्याच काळात वेदनाशामक गोळ्या पूर्ण बंद होत्या, रात्रीचं जेवण आठच्या आत आणलं होतं, आणि चहा दोनावर आला होता. त्यामुळे सगळं श्रेय या डबीला द्यायला मी तयार नाही. डॉक्टरांना दाखवली, त्यांनी अहवाल वाचला आणि म्हणाले, "घ्या, हरकत नाही, पण माझी गोळी मी सांगेन तेव्हाच कमी करायची." ती त्यांनी टप्प्याटप्प्याने बंद केली. अशी आम्ल कमी करणारी गोळी एकदम सोडली तर आम्ल उसळून वर येतं, हे जाहिरातवाल्यांनी कुठेही लिहिलेलं नाही.

ज्यांना अळंबीची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी ही पावडर घेऊ नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर अळंबीच्या पावडरी, विशेषतः रेशी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्यांनीही आधी विचारावं. चागा नावाची आणखी एक अळंबी हल्ली याच डब्यांत मिसळलेली येते, तिच्यात ऑक्झलेट फार असतं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी तिच्या वाटेलाही जाऊ नये. काळी शौच, रक्ताची उलटी, कारण नसताना वजन उतरणं, यातलं काहीही असेल तर कुठलीच डबी मागवू नका, आधी दुर्बीण टाकून घ्या.

किमतीबद्दल माझी खरी तक्रार आहे. २,१५० रुपये साध्या घराला परवडत नाहीत. आमच्याकडे आता गावागावात धिंगरी लावतात. गव्हाच्या काडावर, कपाशीच्या पऱ्हाट्यांवर, केळीच्या वाळल्या पानांवरही ती येते, आणि या तिन्ही गोष्टी खान्देशात बांधावर पडून असतात. शनिवारच्या बाजारात एक ताई पाव किलोची पिशवी ६० रुपयांना देतात. धिंगरीतही बीटा-ग्लुकान असतं, तंतू असतो, प्रथिनं असतात. लायन्स मेनमधली खास द्रव्यं तिच्यात नाहीत, पण आतड्यातल्या जंतूंना खाऊ घालायचं काम तीही करते. मी ती मागच्या पडवीत वेगळ्या कढईत करते. लसूण, जिरं, थोडं दाण्याचं कूट, मिरची नावाला, आणि झाकण ठेवून चांगली शिजवायची, कच्चट ठेवायची नाही. कळण्याच्या भाकरीबरोबर फार चांगली लागते. पोटाला जड पडत नाही.

दुसऱ्या डबीचा आणखी अर्धा तारा गेला तो झाकणामुळे. हा अर्क हवेतला ओलावा ओढून घेतो. पावसाळ्यात झाकण नीट बसलं नाही आणि उरलेल्या पावडरीचा गुळाच्या ढेपेसारखा खडा झाला, तो किसणीवर किसून संपवला. आत ओलावा शोषणारी पुडी नव्हती. कंपनीला फोटोसकट कळवलंय, पुढच्या मालात काचेची बाटली देणार म्हणतात. तुम्ही मागवलीत तर बॅच क्रमांक बघून अहवाल त्याच बॅचचा मागा, आणि डबी आल्या आल्या हवाबंद बरणीत काढून ठेवा.